खरंच एवढं दुखतं का हो यांचं?

हा प्रश्न मला पेशंट कधीच विचारत नाही. विचारते त्याची बायको, नाहीतर सासूबद्दल सून, सुनेबद्दल सासू, बापाबद्दल थोरला मुलगा. तेही पेशंट बाहेर चपला शोधत असताना, हळू आवाजात. मी फलटणला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक कंबर-पाठीचेच असतात. या प्रश्नाला जोडून एक शेजारीही हमखास येतो. "खालच्या आळीतल्या त्या अमक्यांचा एमआरआय यांच्यापेक्षा वाईट आहे म्हणे. तरी ते चार म्हशींच्या धारा काढतात, डेअरीला कॅन पोचवतात. आणि आमचे हे, पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागतात. मग हे नाटक नाही तर काय?"

उभ्याउभ्या मी एवढंच म्हणते की नाटक नाही. त्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि होणार तरी कसं? पुढचा पेशंट टेबलावर झोपलेला असतो, मागे फोन वाजत असतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बैजवार सांगते.

आधी त्या एमआरआयचं. आपल्याकडे हा रिपोर्ट दहावीच्या गुणपत्रिकेसारखा वाचतात: कुणाचे किती मणके गेले, कुणाचा एल फोर-एल फाईव्ह, कुणाच्या दोन गाद्या सरकल्या. ज्याचे जास्त गेले त्याला जास्त दुखायला हवं, हा हिशोब वरवर पाहता बरोबर वाटतो. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन काढले तर काय दिसतं? अशा ३,११० जणांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांत सुमारे ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगून थोड्या बाहेर आलेल्या. विशीतल्या ठणठणीत पोरांतही ३७ टक्क्यांना झीज होती. केस पिकतात, चाळिशी लागते, तशी गादीही सुकते. म्हणजे दोघांचा रिपोर्ट सारखा आहे यावरून दोघांचं दुखणं सारखं असेल असं काही निघत नाही. उलटंही खरं: रिपोर्ट साफ आहे म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. बहुतांश कंबरदुखीत बोट ठेवावं असं एक कारण सापडतच नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण ती राहिली तर महागात पडते. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊन पाऊल घासटायला लागलं, दुखण्यासोबत ताप आहे किंवा वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, नाहीतर पडून जबर मार बसलाय, तर हे वाचत बसू नका, आजच्या आज डॉक्टर गाठा. पुढचं सगळं मी लिहितेय ते या गोष्टी नाहीत हे तपासून झाल्यावर, तीन महिन्यांहून जास्त काळ ठाण मांडून बसलेल्या दुखण्याबद्दल. त्यालाच आम्ही जुनाट म्हणतो. जगात २०२० साली कंबरदुखी असलेल्यांचा अंदाज जवळपास ६२ कोटींचा होता, आणि माणसाला काम करता न येण्याचं कारण म्हणून तिचा नंबर पहिला लागतो. तेव्हा तुमच्या घरातलं हे काही जगावेगळं नाही.

मग तुमचे हे आणि ते म्हशीवाले, यांच्यात फरक कशाचा?

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, २०२१ साली वारले. सत्तरच्या दशकात त्यांनी सापाची प्रचंड भीती असलेली माणसं गोळा केली. बोआ जातीचा साप. काही जणांनी दुसऱ्या कुणालातरी त्याला हाताळताना नुसतं पाहिलं. काही जण मदतीला असलेल्या माणसाबरोबर स्वतः पायरीपायरीने पुढे गेले: आधी खोलीत शिरायचं, मग पेटीजवळ उभं राहायचं, मग हातमोजा घालून शिवायचं, मग मोज्याशिवाय. (नागपंचमीला बत्तीस शिराळ्याला आले असते तर बांडुरांना पायऱ्या उलट्या मोजाव्या लागल्या असत्या.) प्रत्येक पायरीबद्दल ते आधी विचारत, हे जमेल याची तुला किती खात्री आहे? माणूस पुढे काय करू शकेल याचा अंदाज या उत्तरावरून फार चांगला बांधता येतो, असं त्यांना दिसलं. आणि ज्यांनी स्वतः हात लावला त्यांची खात्री नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. १९७७ साली त्यांनी हे सगळं मांडलं. अशी खात्री चार वाटांनी येते असं ते म्हणाले: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहिल्याने, कुणीतरी भरवसा दिल्याने, आणि आपलं शरीर त्या वेळी काय सांगतंय यावरून. यात पहिली वाट सगळ्यात भक्कम. नुसत्या सांगण्याची फार लेचीपेची. सकाळी सकाळी "तुम्ही करू शकता" असं लिहिलेली उगवत्या सूर्याची चित्रं पाठवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हीच कल्पना दुखण्याला लावून ऑस्ट्रेलियाच्या मायकेल निकोलस यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली. घरकाम करू शकाल का, लोकांत मिसळू शकाल का, काही ना काही काम करू शकाल का, मग ते पगाराचं असो की बिनपगारी, गोळीशिवाय निभावून नेऊ शकाल का, हळूहळू हालचाल वाढवू शकाल का, असे साधेच प्रश्न. सगळी गंमत एका अटीत आहे. दुखणं गेल्यावर नव्हे, दुखत असताना हे जमेल का, असं विचारायचं असतं. प्रत्येक उत्तराला शून्य ते सहा गुण, एकूण साठ. माझ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना शून्य ते सहा सांगून उमजत नाही, म्हणून मी आण्यांत विचारते, सोळा आणे म्हणजे पक्की खात्री. "बादली उचलायची किती आणे खात्री?" "चार आणे." "अर्धी भरलेली?" "बारा आणे." शास्त्राला धरून नाही हे, प्रश्नावली अशी वाकवायची नसते. पण दवाखान्यात काम भागतं, आणि पेशंट पहिल्यांदाच दुखण्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागतो.

दुखणं किती आहे आणि माणूस किती अडलाय, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. अडल्याचं मोजमाप करायलाही प्रश्नावल्या आहेत. त्यातली एक १९८३ सालची, चोवीस वाक्यांची, रोलंड आणि मॉरिस या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी. पाठीमुळे मी जास्त वेळ घरातच असतो, पाठीला बरं वाटावं म्हणून मी सारखी बैठक बदलतो, अशी वाक्यं. आज लागू असेल त्यावर खूण करायची. दुखण्याला दहापैकी सात देणारी दोन माणसं या चोवीसपैकी कुणी पाच वाक्यांवर खूण करतो, कुणी एकोणीस. मधला फरक कशाने पडतो याचा शोध बऱ्याच जणांनी घेतलाय. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कंबरदुखी नुकतीच जुनाट झालेल्या लोकांना वर्षभर पाहिलं. दुखणं आणि अडणं यांच्यामध्ये हालचालीची भीती जास्त महत्त्वाची की जमेल ही खात्री, हा प्रश्न होता. खात्रीचं पारडं जड निघालं.

याला एक "पण" आहे आणि तो मी लपवत नाही. खात्री आहे म्हणून माणूस हिंडतोफिरतो, की हिंडताफिरता येतंय म्हणून खात्री आहे? दोन्ही. एकाने दुसरं वाढतं आणि एकाने दुसरं घटतं. आणि शिकवून-करवून ही खात्री वाढवली तर माणूस एकदम धावायला लागतो असंही नाही. फायदा होतो, तो बेताचा. पण बेताच्या फायद्यात माणूस पुन्हा दुकानात जाऊन बसतो की नाही, हे ठरू शकतं.

आता तुमच्या नाटकाच्या शंकेकडे येते. खात्री काही एका रात्रीत जात नाही. ती घालवायला बरेच हात लागतात, आणि त्यातले बहुतेक मायेचे असतात. पहिल्यांदा उसण भरते तेव्हा घरात कौतुकच असतं. कुणी निर्गुडीचा पाला शेकायला आणतं, कुणी पायाळू माणसाला बोलावून कमरेला त्याचा पाय लावून घेतं. यातलं काही वाईट नाही. चार दिवसांत उसण आपोआप उतरते आणि पायाळूचं नाव होतं. पण दुखणं लांबलं की मंडळी डॉक्टर बदलायला लागतात आणि मग वाक्यं जमा होतात. "मणक्यात गॅप आलीय." "नस दबलीय, सांभाळा, नाहीतर पॅरालिसिस होईल." "वाकायचं नाही, उचलायचं नाही, मांडी घालायची नाही, एसटीत मागे बसायचं नाही." बायकांना आणखी एक: "सिझेरियनला पाठीत सुई दिली ना, ती आता जन्मभर." (त्या सुईने जन्माची कंबरदुखी लागते याला पुरावा नाही.) सांगणारा विसरून जातो. ऐकणारा ते वाक्य घेऊन घरी येतो आणि वाकताना प्रत्येक वेळी त्याला ते ऐकू येतं. माझ्याकडे एक शिक्षक यायचे. कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या खोलीत, कुठल्या शब्दांत सांगितलं, ते त्यांना तोंडपाठ होतं. त्या दिवसापासून त्यांनी बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या नव्हत्या. वाकायला त्यांना अडचण काहीच नव्हती. मी खाली पडलेलं पेन मागितलं की सहज द्यायचे.

पेन दिलं म्हणजे नाटक उघडं पडलं, असं त्यांच्या मिसेसना वाटलं होतं. तसं नव्हतं. पेन उचलताना ते वाक्य आठवायला वेळ नव्हता, नाडी बांधताना होता.

घरच्यांबद्दल एक जुना प्रयोग सांगते, अमेरिकेतला, १९८० सालचा. जुनाट दुखणं असलेल्यांना त्यांच्या दुखण्याबद्दल विचारलं आणि सांगितलं, की काचेपलीकडून तुमचा जोडीदार पाहतोय. दुसऱ्या वेळी सांगितलं, की तिथे वॉर्डातला कारकून आहे. ज्यांचा जोडीदार फार जपणारा होता, त्यांनी जोडीदार पाहत असताना दुखणं जास्त सांगितलं. ज्यांचा जोडीदार फारसं लक्ष न देणारा, त्यांनी त्याच्यासमोर कमी. हे वाचून "बघा, मी म्हणत नव्हते!" असं म्हणायची घाई करू नका. ठेच लागलेलं पोर आई दिसल्यावर मोठ्याने रडतं, म्हणून त्याला आधी लागलं नव्हतं असं आपण म्हणत नाही. दुखणं मेंदूत बनतं, आणि आजूबाजूला कोण आहे, काय धोका आहे, याची दखल घेतच बनतं. ते कुणी ठरवून करत नाही. कारकुनासमोरचं दुखणंही खरंच आणि बायकोसमोरचंही खरंच.

आमच्या धंद्याचाही यात हात आहे. पेशंट येतो तोच "करंट द्या" म्हणत येतो. टेबलावर पालथं झोपायचं, कमरेवर पट्ट्या लावायच्या, मशीन गुरगुरतं, बरं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात हे करंटचं मशीन, अल्ट्रासाऊंडचा शेक, ट्रॅक्शनचं वजन आणि कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नका असं सांगितलंय. व्यायाम, समजावून सांगणं, मनाच्या अंगाने केलेले उपचार, हे चालेल म्हटलंय. माझ्याकडे ही सगळी मशीनं आहेत, हप्ते फिटलेली. मशीनने बरं वाटलं की पेशंटचा विश्वास मशीनवर बसतो. स्वतःवर बसायचा तो राहतोच. म्हणून हल्ली मशीन लावायचंच झालं तर शेवटी लावते, आणि आधी त्याच्याकडून काहीतरी करून घेते.

कसं, ते एका किराणा दुकानदारांच्या उदाहरणाने सांगते. ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय. पन्नाशी ओलांडलेली, दिवसभर गल्ल्यावर, कमरेला पट्टा, बाहेर जाताना वर शर्ट सोडलेला म्हणजे पट्टा दिसू नये. पोती हमाल उचलत होते, दुकान मुलगा पाहत होता, त्यात त्यांना फारसं दुःख नव्हतं. मी विचारलं, दुखणं आहे तसंच राहिलं असं धरू, पण सुटलेली एक गोष्ट परत मिळणार असेल तर कुठली मागाल? बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "सकाळची पूजा." खाली बसायचं नाही असं सांगितल्यापासून देवपूजा मुलाकडे गेली होती. मुलगा मोबाईल बघत देवांना पाणी घालायचा, आणि हे खुर्चीत बसून ते बघायचे.

आण्यांचा हिशोब काढला. पाटावर बसून पुन्हा उठायचं: दोन आणे. चौरंगावर: बारा आणे. मग चौरंगापासूनच सुरुवात. बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. अट आधीच ठरवलेली: दुखलं तर त्या दिवशी त्याच उंचीवर राहायचं, उंची वाढवायची नाही, आणि दुखलं नाही म्हणून हुरळून एकदम खालीही जायचं नाही. चौरंगानंतर एकावर एक तीन पाट. त्यांनी ते घरून आणले होते, लग्नातले, पितळी फुलं ठोकलेले. पहिल्यांदा पाटांवर बसले तेव्हा दोन्ही हात जमिनीला, चेहरा घट्ट, श्वास धरलेला. मी म्हटलं, श्वास सोडा, आकडे मोठ्याने म्हणा. उठायची वेळ आली तसा मुलगा कोपऱ्यातून धावला आणि त्यांच्या काखेत हात घातला. "तुम्ही हात दिलात तर उठलं कोण?" मी विचारलं. त्याला वाईट वाटलं, पण नंतर तो बाहेरच बसायला लागला. वडील एका गुडघ्यावर आले, चौरंगाला एक हात टेकवला, उठले. कंबर दुखली का? दुखली. किती? "नेहमीएवढीच." हे "नेहमीएवढीच" त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकायला मिळालं, त्याची किंमत माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त. त्यांना वाटत होतं, खाली बसलो की काहीतरी तुटेल.

तीनाचे दोन पाट झाले, दोनाचा एक. आता पूजा तेच करतात. कंबर दुखते का विचारलं तर म्हणतात, "आहे की." पोती अजून हमालच उचलतात, आणि मी ते बदलायला गेले नाही. गावभर सांगावं असं यात काही घडलं नाही, आणि सगळ्यांचं असं होतही नाही. मध्येच सोडून पुण्याला इंजेक्शन घ्यायला जाणारेही आहेत, त्यांचंही मला काही चुकीचं वाटत नाही; दुखण्याला कंटाळलेल्या माणसाला पायऱ्या चढायला सांगणं सोपं नसतं.

दुसऱ्याला पाहून येणारी खात्री मात्र मला दवाखान्यात देता येत नाही. ती आषाढात गावात चालत येते. माउलींची पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर उतरते आणि आम्ही काही जण तिथे वारकऱ्यांचे पाय-कमरा बघायला बसतो. एकदा परभणीकडची एक आजी आली, कमरेत चांगलीच वाकलेली. दुखत नाही का विचारलं. "दुखती. ट्रकात जास्त दुखती, गचके बसत्यात." दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो, थकलेल्यांना त्यात बसता येतं. या आजींचं वेळापत्रक ठरलेलं: पहाटे निघाल्यावर पहिल्या विसाव्यापर्यंत चालायचं, ऊन चढलं की ट्रक, मुक्काम जवळ आला की उतरून पुन्हा दिंडीत. दुखेल तेव्हा थांबू असं नाही. दुखायच्या आधीच थांबायचं आणि बरं वाटत असलं तरी थांबायचं. आमच्या पुस्तकात याला मोठं प्रकरण आहे. आजींनी ते विणेकऱ्यांच्या मागे चालणाऱ्या त्यांच्याच वयाच्या बायकांकडून उचललं होतं. तरणाताठा धावपटू पाहून ते शिकता आलं नसतं.

आता त्या म्हशीवाल्यांचं. त्यांना मी तपासलेलं नाही, म्हणून ते धीराने करतात की नाइलाजाने, हे मला माहीत नाही. म्हशीला सुट्टी नसते. करता येतं म्हणून करणं आणि केल्यावाचून गत्यंतर नाही म्हणून करणं, हे लांबून अगदी सारखं दिसतं.

घरातल्या बायकांना प्रश्नावलीतला घरकामाचा प्रश्न विचारला की त्या गोंधळतात. जमेल का, हा विचार त्यांनी कधी केलेलाच नसतो. स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, सगळं चाललेलं असतं. चोवीस वाक्यांतल्या फारशा वाक्यांवर खूण होत नाही आणि खात्री मात्र दोन आणेसुद्धा नसते. कागदावर त्या "अडलेल्या नाहीत" अशा निघतात. त्यांच्याबद्दल कुणी दाराशी येऊन विचारत नाही, कारण डबा वेळेवर मिळतोय.

याहून टोकाचं चित्र दर हिवाळ्यात आमच्या भागात दिसतं. बीडकडून ऊसतोडीला टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, एक दिवस पडून राहिलं तर खाडा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. अशा एका बाईला मी सवयीने विचारून बसले, मोळी उचलायची किती आणे खात्री वाटते? ती हसली. "खात्री कसली मॅडम, उचल घेतलीय."

तिला मी काय पायऱ्या आखून देणार? वजन कमी करणं तिच्या हातात नाही, विसावा ठरवणं तिच्या हातात नाही. दुखतंय ते सोसून काम करणाऱ्यांना "सकारात्मक राहा" सांगणारी मंडळी मला म्हणूनच आवडत नाहीत. जमेल ही खात्री औषधासारखी कामाला येते, पण जिथे माणसाला थोडं कमी-जास्त करायची मोकळीक आहे तिथे. किराणावाल्यांकडे ती होती: हमाल होते, मुलगा होता, सकाळची वेळ होती.

काही घरांतून सरळ सर्टिफिकेटचीच विचारणा होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार दिलेत, बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे, आणि नुसतं दुखणं हा प्रकार त्या यादीत नाही. पायातली ताकद गेली असेल, मणक्याला व्यंग असेल तर गोष्ट वेगळी. ते सरकारी दवाखान्यात तपासून ठरतं. बाकीच्यांना कामावर हलकं काम मागावं लागतं ते तोंडीच.

मग घरच्यांनी काय करायचं? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून टीव्हीवर जाहिराती दाखवल्या. डॉक्टर आणि नावाजलेली माणसं येऊन सांगायची, पाठ दुखली तर पडून राहू नका, हिंडतेफिरते राहा, कामावर जा. लोकांच्या समजुती बदलल्या, डॉक्टरांच्याही बदलल्या, आणि पाठदुखीच्या भरपाईचे दावे कमी झाले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये जाहिराती नव्हत्या, तिथे समजुतीही तशाच राहिल्या. आपल्या टीव्हीवर अजून बाम चोळणारी सून आहे. तेव्हा तुमच्या घरापुरती जाहिरात तुम्हालाच करावी लागणार.

सकाळी उठल्याउठल्या "कसं आहे दुखणं?" असं विचारू नका. झोपेतून उठलेला माणूस आधी कमरेकडे लक्ष देतो आणि मग दिवसभर देतच राहतो. त्याऐवजी "आज दूध आणता का?" विचारा, आणि आणलं तर पिशवी धावत जाऊन हातातून घेऊ नका. उशीर झाला तरी चालेल. शेजाऱ्याचं उदाहरण देऊ नका. तो म्हशीवाला तुमच्या यांना आपल्यातला वाटत नाही, तोंडावर मारल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा गेल्या वर्षी यांच्याइतकाच अडलेला आणि आता थोडा हिंडणारा कुणी ओळखीत असेल तर त्याला चहाला बोलवा. आणि ज्या दिवशी खरंच उठवत नाही त्या दिवशी नाटक म्हणू नका. असे दिवस येतात, चांगलं चाललेलं असतानाही येतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यात खालच्या पायरीवरून पुन्हा सुरू करायचं, एवढंच.

पट्ट्याबद्दल तुम्ही विचारालच. माझं ऐकून तो आजच रात्री खुंटीवर टांगायला लावू नका. इतके महिने त्याच्या भरवशावर उभा राहिलेला माणूस पट्ट्याशिवाय पहिल्या तासात घाबरेल आणि तुम्हालाच बोल लावेल. आधी घरात जेवताना काढायला सांगा. ते अंगवळणी पडलं की संध्याकाळभर, मग गल्लीत फिरून येताना. दुकानातला सगळ्यात शेवटी, आणि तोही बाजाराचा दिवस सोडून.